वेदनेचा डॉक्टर कुठे बसतो?

(सोलापूर जिल्ह्यातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते शेवटचे काही महिने कर्करोगानं आजारी होते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कार्यकर्ते मला भेटायला आले तेव्हा त्यांची एकच अट होती, की कर्करोगावर बोला, पण घरी गेल्यावर उपयोगी पडेल असं बोला. म्हणून मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. मुंबई-पुण्यापासून लांब राहणाऱ्या माणसाला हा आजार झाला, तर आजारावर उपचार करणारा डॉक्टर आणि दुखणं थांबवणारा डॉक्टर त्याला कुठे सापडतात? हे दोघे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. पहिल्याला शोधायला सगळी भावकी बाहेर पडते. दुसऱ्याला कुणी शोधतच नाही, कारण असा कुणी डॉक्टर असतो हेच घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेत रुग्णाच्या उशाशी उभं राहून त्याला काही जाणवणार नाही हे पाहणं, एवढंच आमचं काम, अशी लोकांची समजूत असते. पण नसांच्या भोवती औषध सोडून दुखणं बंद करण्याचं शास्त्र आमच्याच शाखेत वाढलं आणि शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर त्याची ओपीडी झाली. त्या ओपीडीत बसून मी जे पाहिलं, त्याच्या आधारावर बोलतो आहे.

आपल्याकडे तोंडात न भरणारी जखम घेऊन माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो, मग दातांच्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला. कुठेतरी तुकडा काढून तपासायला जातो आणि रिपोर्ट येतो. त्या संध्याकाळी घरात एकच शब्द निघतो, टाटा. हा विश्वास त्या संस्थेनं कमावलेला आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं आणि 1962 साली केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे गेलं. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेतलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात भेटतील. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजही पूर्ण तिकीट काढून जाणारी माणसं मला भेटतात.

परळला जावं की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, उपचाराचा आराखडा ठरवायला एकदा जरूर जा. लहान मुलांचे रक्ताचे कर्करोग, हाडाच्या दुर्मीळ गाठी, अस्थिमज्जा बदलण्याचे उपचार, अशा गोष्टी मोठ्या ठिकाणीच व्हायला हव्यात. पण स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या कर्करोगाची केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, पुढची तपासणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेदनेचा उपचार, यासाठी दर खेपेला रात्रभर प्रवास करणं बहुतेकांना टाळता येतं. देशभरातली कर्करोग केंद्रं 2012 पासून राष्ट्रीय कर्करोग ग्रिड नावाच्या जाळ्यात जोडली जात आहेत. टाटा केंद्रानंच ते उभं केलं, आणि आज त्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. कुठल्या आजाराला कुठल्या पायरीवर काय द्यायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांसाठी एकच असावीत, हा त्यामागचा एक मोठा हेतू. म्हणून परळला ठरलेला आराखडा घेऊन जवळच्या केंद्रात उपचार घेतले, तर त्यात कमीपणा काही नाही. जाताना मात्र फाईलबरोबर तपासणीच्या काचा आणि मेणातला तुकडा, ज्याला पॅथॉलॉजीवाले ब्लॉक म्हणतात, तो मागून घ्या. नुसता कागदाचा रिपोर्ट नेला तर दुसरं केंद्र पुन्हा तुकडा मागतं आणि आठवडे वाया जातात.

जवळची केंद्रं कुठली? 1975 च्या सुमारास केंद्र सरकारनं कर्करोग नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यातून प्रादेशिक कर्करोग केंद्रांची कल्पना पुढे आली. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय हे विदर्भासाठी असं केंद्र. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कोकणात चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानं टाटाच्या मदतीनं गावोगावी तपासणीचं काम केलं आहे. आणि आपल्यासाठी बार्शी.

बार्शीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. आपण तिच्या इतके जवळ राहतो, की तिथे काय घडलं हे आपल्या लक्षातच राहत नाही. 1980 च्या दशकात तिथे नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. एका तालुक्याच्या गावी असं रुग्णालय, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण खरं वेगळेपण 1987 साली आलं. त्या वर्षी टाटा केंद्राच्या सहकार्यानं बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या सुमारे साडेतीनशे गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली, लोकसंख्येवर आधारलेली अशी नोंदवही देशात पहिलीच. शहरात अशी नोंद ठेवणारे दवाखान्यांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन कागद पाहतात. इथे कागदच नव्हते. बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती आणि मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असायचं. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावांत जायचं ठरवलं. ते पाटलाला, शिक्षकाला, दाईला, बायकांच्या घोळक्याला भेटायचे. अंगावरून जास्त जातंय का, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसतंय का, तोंडातली जखम भरत नाही का, स्तनात गाठ लागते का, हे विचारायचे. लक्षणं समजावून सांगायचे आणि संशय आला की त्या बाईला बार्शीला आणायचे.

मूळ उद्देश मोजणी करण्याचा होता. पण या विचारपुशीचा परिणाम मोजणीच्या पलीकडे गेला. काही वर्षांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं, की गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या पायरीवर सापडू लागला होता. हा निष्कर्ष 1990 च्या दशकात आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुणी नवी यंत्रं आणली नव्हती. गावात जाऊन विचारणारी आणि सापडल्यावर दवाखान्यापर्यंत सोबत करणारी माणसं होती, एवढाच फरक.

त्याच पायावर पुढे आणखी मोठं काम झालं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे 52 गट पाडले होते. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काहींत नेहमीची व्यवस्था. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. आज जगभर एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला जातो, त्याच्या मुळाशी असलेल्या पुराव्यांत आपल्या शेजारच्या शेतकरी बायकांचा मोठा वाटा आहे. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं, असंही वाटतं.

आता माझा मुद्दा. आजार शोधण्यासाठी आपण गावापर्यंत वाट पाडली. त्याच वाटेनं वेदनेचं औषध का गेलं नाही?

आजार उशिरा सापडला, तर दुखणं आधीच घरात आलेलं असतं. तोंडाचा कर्करोगच घ्या. विदर्भात खर्रा, आपल्याकडे मिश्री, तंबाखू आणि मावा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंडाचे कर्करोग वर्षानुवर्षांच्या सवयीतून येतात, ते एका वर्षात थांबत नाहीत. गालाची जखम आतून बाहेरपर्यंत पोचलेला माणूस मी पाहतो तेव्हा मला तीन गोष्टी दिसतात. त्याला दुखतं. त्याला गिळता येत नाही. आणि जखमेला वास येतो. या तिसऱ्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही. वासामुळे त्या माणसाचं अंथरूण ओसरीत जातं, मग गोठ्याकडे जातं, नातवंडं जवळ येईनाशी होतात आणि जेवणाचं ताट दाराशी ठेवलं जातं. यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. मेट्रोनिडॅझोलची गोळी बारीक वाटून ती पूड जखमेवर टाकली, की दोनतीन दिवसांत वास पुष्कळ कमी होतो. हे कसं करायचं ते कुठल्याही वेदना ओपीडीतली परिचारिका पाच मिनिटांत शिकवते. पण त्या ओपीडीपर्यंत माणूस पोचला पाहिजे.

आणि दुखण्याचा उपाय? जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यांची एक पद्धत सांगितली. साधी वेदनाशामक गोळी, मग सौम्य अफूजन्य औषध, मग मॉर्फिन. दुखणं किती आहे त्याप्रमाणे पायरी निवडायची. मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास काम करते, म्हणून ती घड्याळ पाहून, दुखायच्या आत द्यायची. दुखू लागल्यावर द्यायची नाही. मधेच दुखणं उफाळलं तर जादा मात्रा ठरवून दिलेली असते. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते आणि ती बहुतेकांची जाते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध लिहिलेलं नसेल तर ती चिठ्ठी अपुरी आहे, असं समजा आणि डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा जपून ठरवावी लागते. गिळता येत नसेल तर ही साधी गोळी वाटून नाकातल्या नळीतूनही देता येते. मात्र लांब मुदतीच्या गोळ्या कधीही वाटायच्या नाहीत. फेंटानिलची पट्टी साधारण तीन दिवस चालते, पण महाग असते आणि दुखणं आटोक्यात आल्यावरच ती ठरवायची.

व्यसन लागेल का, हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो. विचारणारा बहुधा मुलगा असतो, आणि त्याच्या मनात खरोखर काळजी असते. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार क्वचित घडतं. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून ते अचानक बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं असतं. शेक घेतल्यावर दुखणं कमी झालं की मात्रा उतरवता येते, अनेकांची तर पूर्ण थांबते. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे शेवट आला, ही भीतीही तितकीच चुकीची आहे. औषध सुरू होतं ते दुखण्यामुळे, आयुष्य किती उरलं याच्याशी त्याचा संबंध नसतो.

हे औषध आपल्या देशात मिळत का नव्हतं, हे समजून घेण्यासारखं आहे. मध्य प्रदेशात, राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्यानं अफूची शेती होते. नीमच आणि गाजीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. म्हणजे कच्चा माल आपल्या मातीत पिकतो. पण 1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती. तस्करांसाठी केलेल्या त्या कायद्यानं औषधविक्रेते घाबरले. अनेक राज्यांत एका रुग्णालयाला थोडंसं मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे चारपाच परवाने एकाच वेळी वैध असावे लागायचे. शेवटचा परवाना हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असायची. परिणाम असा, की 1997 पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 1985 च्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. या काळात किती घरांत किती माणसं रात्ररात्र ओरडली असतील, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

ही कोंडी फोडायला एका डॉक्टरनं, डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी, आयुष्य दिलं. तेही भूलतज्ज्ञच. 1993 साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना आणि शुश्रूषेची ओपीडी सुरू केली. पुढे केरळात गल्लीगल्लीत स्वयंसेवकांची मंडळं उभी राहिली, घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आल्या, आणि 2008 साली राज्य सरकारनं त्यासाठी धोरण जाहीर केलं. वकिलांची आणि कार्यकर्त्यांची लढाई दिल्लीत चालू होतीच. 2014 साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवली गेली आणि त्यांचे नियम संपूर्ण देशासाठी एक झाले. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घ्यावी लागते. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, औषध कुलुपात हवं, नोंदवही हवी, वर्षाला किती लागेल याचा अंदाज आणि किती वापरलं याचा हिशोब द्यायला हवा. एवढंच.

कायदा बदलून बराच काळ लोटला. तरीही आपल्या भागातल्या पुष्कळ रुग्णालयांनी ही मान्यता मागितलेली नाही. जुनी भीती अजून तशीच आहे. मला यात सर्वाधिक खंत वाटते, कारण हा अडथळा आता दिल्लीत नाही, तो आपल्या तालुक्यात आहे.

आता शोधायचं कसं, याबद्दल. टाटा रुग्णालयात 1996 पासून वेदना आणि शुश्रूषेच्या सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, वेगळा विभाग आहे आणि तिथे या विषयात एम.डी. करता येतं. पण असे एम.डी. झालेले डॉक्टर अजून थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. म्हणून पाटी शोधत बसू नका. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागात जा आणि विचारा, वेदना ओपीडी कोणत्या वारी असते? जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पॅलिएटिव्ह केअर कक्ष आहे का, तेही विचारा. राज्यातल्या काही जिल्ह्यांत असे कक्ष चालू आहेत. महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात बसतो, त्याला कर्करोगाचं कुठलं पॅकेज तिथे आहे हे माहीत असतं. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीच्या दरात असतात, हा नियम आहे, उपकार नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथे रुग्णाला दाखल करून घेतात, दुखणं आटोक्यात आणतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात आणि घरी पाठवतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं ते अशा प्रकारचं पहिलं, आणि गोव्यातही त्याची शाखा आहे. 

आणि कुठल्याही कर्करोग केंद्रात पाय ठेवल्यावर पहिल्याच भेटीत विचारा, इथे दुखण्याचं कोण पाहतं? तोंडाचं मॉर्फिन इथे मिळतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या केंद्रात सरळ मिळतात, ते केंद्र कसं चालतं याचा मला अंदाज येतो. यंत्र किती कोटींचं आहे याच्यापेक्षा या उत्तरांवर माझा जास्त भरवसा आहे.

पहिल्याच भेटीत का, तर वेदनेचा डॉक्टर शेवटी बोलवायचा असतो ही समजूत चुकीची ठरली आहे म्हणून. 2010 साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या रुग्णालयात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअरची टीम भेटत राहिली. त्यांचं रोजचं जगणं चांगलं राहिलं, खिन्नता कमी राहिली, शेवटच्या दिवसांतला निरुपयोगी मारा कमी झाला. आणि ते सरासरीनं थोडे जास्त जगलेसुद्धा, 8.9 ऐवजी 11.6 महिने. यावरून मी कुणाला आयुष्य वाढण्याचं वचन देणार नाही. पण दुखणं कमी केल्यानं माणूस उपचार सोडून बसतो, ही भीती तरी आपण टाकून देऊ.

वेदनेच्या डॉक्टरकडे गोळीशिवायही बरंच असतं. हाडात पसरलेल्या आजाराचं दुखणं असेल तर एकाच बैठकीत 8 ग्रे शेक दिला, तरी अनेक बैठकांइतकाच आराम मिळतो. हे अनेक अभ्यासांत सिद्ध झालं आहे. गावाकडच्या माणसाला याचा अर्थ असा, की दोन आठवडे शहरात खोली घेऊन राहण्याऐवजी एका दिवसाची फेरी पुरते. आपल्या दुखण्याला हे लागू आहे का, हे शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीत जाणारी कळ मॉर्फिनलाही दाद देत नाही, तेव्हा एक्स-रेखाली पाहून मणक्याच्या पुढच्या नसांच्या जाळ्यात औषध सोडतात आणि ती कळ पुष्कळ कमी होते. नसेच्या दुखण्याला, म्हणजे जळजळ, मुंग्या, शॉक बसल्यासारखं वाटणं याला, वेगळ्या गोळ्या लागतात, ते साध्या वेदनाशामकांनी बरं होत नाही. आणि एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. कर्करोगाच्या रुग्णाची पाठ नव्यानं जोरात दुखू लागली आणि पाय जड होऊ लागले, लघवी अडू लागली, तर तारखेची वाट पाहायची नाही. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असतो. त्याच दिवशी, गाडी करून, जिथे शेकाची सोय आहे तिथे जायचं. एक-दोन दिवस उशीर झाला तर गेलेले पाय परत येत नाहीत.

एक गोष्ट घरच्यांना. आईला आजाराचं नाव सांगू नका, असं मला जवळजवळ प्रत्येक घर सांगतं. ते प्रेमापोटी असतं, मी त्यावर वाद घालत नाही. पण दुखणं किती आहे हे मी आईलाच विचारणार, मुलाला नाही. शून्य ते दहा असं विचारलं की आपल्याकडच्या बायका सहसा दोन-तीन सांगतात, कारण आयुष्यभर दुखणं गिळायची सवय असते. मग मी विचारतो, रात्री किती वेळा जाग आली? कुशीवर वळता येतं का? वेणी स्वतः घालता का? त्या उत्तरांतून खरं दुखणं कळतं. आशाताई आणि घरच्या लेकीसुनांनाही हे प्रश्न विचारता येतात, त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही.

म्हणूनच मी मघाशी वाटेचा विषय काढला. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन चार प्रश्न विचारले आणि आजार लवकर सापडू लागला. त्यात पाचवा प्रश्न दुखण्याचा घालायचा आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणारा एक डॉक्टर आणि एक कुलूपबंद कपाट तालुक्यात ठेवायचं आहे. इथे बसलेल्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेचा सर्टिफिकेट अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. तुमच्यापैकी एकानं तो करावा. रुग्ण कल्याण समितीत जे सरपंच, शिक्षक, पदाधिकारी आहेत, त्यांनी पुढच्या सभेत मॉर्फिनच्या मान्यतेचा ठराव घ्यावा आणि औषध नियंत्रकांकडे अर्ज पाठवावा. औषध दुकानदारांनी आपल्या मनात कायद्याची जी भीती आहे, ती आज इथे बोलून दाखवावी. मी 2014 ची दुरुस्ती आणि 2015 चे नियम मराठीत करून आणले आहेत, त्यांच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. आता मी थांबतो आणि प्रश्न घेतो. पहिला प्रश्न औषधविक्रेत्यांनी विचारावा, अशी माझी इच्छा आहे.